चाळीस मिनिटांचं पाणी

भाची: हात नको लावूस मामा, भाजेल.

मामा: ठाऊक आहे. दोन महिने रोज भाजून घेतोय.

भाची: रोज? फोनवर तर म्हणालास, कधीमधी बंद पडतं.

मामा: होडीचं इंजिन चाळीस मिनिटं चालतं. मग दोनदा खोकतं आणि गप्प. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलवर ओलं फडकं टाकायचं आणि अर्धा तास बसायचं. निवली की पुन्हा लागतं.

भाची: तेव्हा पेट्रोल येत असतं का?

मामा: येतं. ठिणगी तेवढी नसते. प्लग काढून बघितलाय मी, अगदीच ढ नाही तुझा मामा.

भाची: मग दोष कॉइलचाच. हे बघ, खालून काळं तेलही गळायला लागलंय, आतून पार शिजलीय ती. एक सांग, चावीकडून कॉइलकडे ही लाल वायर कुणी टाकली?

मामा: मीच.

भाची: मधे एक पांढरा तुकडा होता ना, चिनी मातीसारखा? बोटाएवढा?

मामा: तो तडकला होता. एका सकाळी इंजिन लागेना, म्हणून तो काढला आणि सरळ वायर जोडली. पहिल्या झटक्यात लागलं की. मला वाटलं, केवढा हुशार मी.

भाची: अरे, तो रेझिस्टर होता. ही जुनी कॉइल नऊ व्होल्टांवर चालायची. बॅटरीचे बारा येतात, त्यातले वरचे तो अडवायचा. तू दरवानच काढून टाकलास. आता येईल तेवढा करंट आत घुसतोय.

मामा: बिचारी. आणि वर इंजिनाला चिकटून बसलेली.

भाची: तेही बदलू. नवी कॉइल आणलीय, तिच्या जोडीचा रेझिस्टरही आहे. कॉइल त्या लाकडी फळीवर बसवते, म्हणजे इंजिनाची धग लागणार नाही. तो पाना दे.

मामा: आजच करायला हवं का?

भाची: म्हणजे? मी रस्त्याने पाण्याला एवढा वळसा घालून आले ती कशाला? आई रोज आमच्या धक्क्यावर येऊन बसते. तिला पलीकडून तुझी होडी दिसते. मधे थांबते आणि वळते. तिला वाटतं, तू तिच्यावर रागावलायस.

मामा: कसला राग गं. तिचे गुडघे धरलेत, तुझ्या मामीला गाडीचे हादरे सोसत नाहीत. होडीशिवाय भेट कशी व्हायची? म्हणून तर निघतो.

भाची: मग एक मला उमगत नाही. कॉइल निवल्यावर इंजिन लागतं. तिथून आमचा काठ फार तर वीस मिनिटं, तुझं घर चाळीस. तू मागे का वळतोस?

मामा: पाना घे.

भाची: मामा.

मामा: हळू बोल. तुझी मामी होडीत पुढे बसलीय, ऐकू सगळं येतं तिला. वर्ष झालं आजाराला, तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. आणि पहिल्यांदा हे बंद पडलं ना, त्या दिवशी पाण्यावर एक सुरकुतीसुद्धा नव्हती. वर ढग, खाली ढग, मधे आम्ही दोघं. होडी तरंगतेय की टांगलीय, कळेना. मी फडकं पिळत होतो. मागून आवाज आला, "मऊ."

भाची: मामी बोलली?

मामा: मला वाटलं, पाणीच बोललं. वळून बघतो तर हिचा हात पाण्यात. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "ढग बुडाले." नंतर रोज एखादा शब्द. घरी आलं की पुन्हा कुलूप. मी तो शब्द दिवसभर तोंडात धरून ठेवतो, खडीसाखरेसारखा.

भाची: आणि आम्हाला कुणाला सांगितलं नाहीस.

मामा: सांगितलं असतं तर सगळे भोवती जमले असते. "आता बोल, हे म्हण, ते म्हण." तुझी आई तर रडूनच अर्धी झाली असती. तो शब्द बुजला असता गं. पलीकडे न्यायचं म्हणून निघायचो आणि तिथे थांबलं की पुढे जायची छातीच व्हायची नाही.

भाची: उद्या वारा सुटला आणि मधेच बंद पडलं तर? मामीला घेऊन पोहणार आहेस?

मामा: परवा सुटला होता. तास लागला निवायला. वल्ही मारून हात भरून आले. तेव्हाच तर तुला फोन केला.

भाची: मग बसवू दे मला. थांबायचं असेल तिथे चावी फिरव. फक्त पूर्ण बंद कर, अर्धवट ठेवलीस तर नवी कॉइलही तापेल.

मामा: आपोआप थांबणं वेगळं. आपण थांबवलं की वाट बघितल्यासारखं होतं. वाट बघितली की ती बोलत नाही.

भाची: त्याला माझ्याकडे पाना नाही, मामा.

(दुपारी. होडी पाण्यात, इंजिन चालू.)

भाची: किती मिनिटं झाली?

मामा: सदतीस.

भाची: कॉइलवर हात ठेव. ठेव, घाबरू नकोस.

मामा: कोमट आहे. तान्ह्या बाळाच्या पाठीसारखी.

भाची: मीटरही नऊच्या आसपास. आता ही तुझी होडी दिवसभर चालेल.

मामा: एक्केचाळीस झाली. इथेच थांबायचो आम्ही. बघ, पाणी तसंच आहे आज. किती वर आणि किती खाली, काही सांगता येत नाही.

भाची: चावीवर हात गेलाय तुझा.

मामा: जरासं. पाचच मिनिटं.

मामी: राहू दे.

भाची: मामा...

मामा: गप्प. बोलू नकोस काही.

मामी: चालू दे. वन्सं... उन्हात बसल्यात.

मामा: हो. चालूच ठेवतो.