आईवरचं पान

दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात निवृत्त ग्रंथपाल मासिक चाळत बसले होते. कान मात्र शेजारच्या वृद्ध पित्याकडे आणि त्यांच्या संगणक-अभियंता कन्येकडे लागले होते.

"तू बनवलेल्या त्या लिहायच्या ॲपनं, एडिटरनं, तुझ्या आईवरचं अख्खं पान गिळलं. तपासता की नाही?"

"रोज, बाबा! दोनशे टेस्ट, म्हणजे तपासणीचे छोटे प्रोग्रॅम, आपोआप टाइप करतात, खोडतात, सेव्ह करतात. सगळ्या पास. तुम्ही नेमकं काय केलंत?"

"तिच्या हसण्याला शब्द सुचेना. अर्धा तास खिडकीबाहेर बघत बसलो. परत वळलो तर पान कोरं!"

"अर्धा तास? माझ्या टेस्ट क्षणभरही थांबत नाहीत!"

"विचार न करता लिहितात, म्हण की!"

"आजच नवी लिहिते. अर्धं वाक्य टाइप करून अर्धा तास गप्प बसणारी. ती पास झाल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर जाणार नाही."

"मग मीही ते पान आजच पुन्हा लिहितो. चल."

"आणि दाढ?"

"दुखू दे. ऊठ."