नव्या कॉम्प्युटरवरचं बुद्धिबळ

बडोद्यात मकरपुऱ्याच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे नागरवाड्यातल्या दोघी शेजारणी उभ्या होत्या. साठीच्या मंदाकाकू आणि कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी मोहना. मोहनाने सहज विचारलं,

“काका कसे आहेत? अजून रोज बुद्धिबळ खेळतात का?”

“कुठलं गं. भाच्याने नवा कॉम्प्युटर दिलाय, विंडोज एक्सपीवाला. त्यावर आमचा जुना बुद्धिबळाचा खेळ लावला की पडदा काळा होतो.”

“अहो काकू, चालेल तो. खेळाच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबा आणि प्रॉपर्टीज उघडा. त्यात कम्पॅटिबिलिटी असं दिसेल, तिथे जुनी विंडोज नाइन्टी एट निवडा. खेळ जुन्यासारखाच सुरू होईल.”

“माहीत आहे.”

“म्हणजे?”

“दुकानदाराने कागदावर लिहून दिलं होतं. म्हणाला, बेन, चिंता न करो, चालशे. मंगळवारी दुपारी हे झोपले असताना मी लावून बघितलं. पट अगदी नीट दिसला.”

“मग काकांना सांगितलं नाहीत?”

“मी लगेच बंद केलं.”

“का?”

“त्याच सकाळी चहा घेताना त्यांनी मला विचारलं, मंदा, घोडा कसा चालतो गं? चाळीस वर्षं खेळलेला माणूस, मोहना. आत्ता त्यांना वाटतंय की कॉम्प्युटरच बिघडलाय. तेवढंच राहू दे.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“नाही. कोणालाच नाही. बघ, बस आली.”

“जाऊ दे ती बस. चला, तुमच्या घरी जाऊ. मला बुद्धिबळ येत नाही. काकांना म्हणते, मला शिकवा.”

“आणि त्यांना नाही आठवलं तर?”

मोहनाने त्यांची पिशवी हातात घेतली. दोघी रांगेतून बाहेर पडल्या.