निळ्या पानांची सोयरीक

रेम्बाचं लग्न ठरलं. पण अजून ठरलेलं नाही असंच धरून चालू, कारण नदीकाठच्या कापित गावच्या धक्क्यावर बोटीच्या रांगेत त्याचा मित्र उंगत त्याच्या मागे येऊन उभा राहिला, तेव्हा ते साफ मोडलेलं होतं. सोयरिकीत दिलेल्या रोपावरून रेम्बा होणाऱ्या सासूची मनधरणी करत होता.

"मावशी, मी जंगलातून आणली तेव्हा पानं निळीच होती!"

"होती ना! खंड्या पक्ष्यासारखी निळी. म्हणून तर होकार दिला. आता हिरवीगार झालीत. उद्या तुझाही रंग उडेल."

"कुंडी ठेवलीत कुठे?"

"कुठे म्हणजे? घरापुढच्या उघड्या माचीवर, वाळत्या भाताशेजारी. मानाची जागा आहे ती!"

"उन्हात? अहो, ती गर्द सावलीतली पानं. तिथे ऊन चिमूटभर, तेवढ्यावर भागवतात म्हणून निळी. पोटभर ऊन मिळालं की निळेपण सोडून देतात."

"म्हणजे लाडानं बिघडली? आमच्या सेनियासारखी?"

"आई, मी इथेच उभी आहे!"

"उभी राहा. रेम्बा, पुन्हा होतील निळी?"

"सावलीत ठेवा. नवी पानं निळी येतील."

"मानाच्या जागेवरून कुंडी हलणार नाही. शेजारीण काय म्हणेल? उन्हालाच सांग बाजूला व्हायला. नीट सांगितलंस तर लग्न पक्कं."

रेम्बाने वर सूर्याकडे पाहून, सरकारी अर्ज वाचावा तसा घसा खाकरला. पुढचं ओळखून उंगतने आधीच टोपी काढली. रेम्बा म्हणाला,

"माननीय सूर्यमहाशयांस सविनय विनंती की, नवीन पान फुटेपर्यंत आपण मावशींच्या माचीवर केवळ भातापुरतेच उगवावे व सदर कुंडी वगळावी."