नानीला ऐकवलेली हिंदी

हसू नका, माझा अजून जळफळाट होतोय. माझं माहेर भोपाळचं, सासर जळगावचं. तीन वर्षांच्या परीने माझ्या आईशी हिंदीत बोलावं, म्हणून जेवताना, आंघोळीला, पसारा आवरताना मी तिच्याशी हिंदीच बोलते. सासूबाई काही शिकवत नाहीत, नुसत्या मांडीवर घेऊन गप्पा मारतात, तरी पोरगी अहिराणी फाडफाड बोलते.

परवा व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "परी, नानी को हिंदी में कुछ सुनाओ."

परीने बोट उगारलं. "चुपचाप खाओ! रोना बंद! थप्पड दूँगी!"

आई माझ्याकडे बघतच राहिली. परी मात्र पळत जाऊन सासूबाईंच्या गळ्यात पडली. "आजी, तू माले भारी आवडस."

सासूबाई खुशीत मला म्हणाल्या, "पोर तुनी हिंदी पक्की शिकनी वं!"