टोपड्यातला ‘च’

अगं, क्रोशाचं नाव काढू नकोस माझ्यापुढे! बहिणीच्या बाळाचं बारसं रविवारी, आणि टोपडं मीच विणणार असं मी घरभर सांगून बसलेले. पूनम सागर सोसायटीत आमच्या वरच्या मजल्यावर सावंतकाकू राहतात, त्यांनी कृती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. सगळी शॉर्टमध्ये. ‘सा’ म्हणजे साखळी, ‘खां’ म्हणजे खांब, एवढं कळलं. पण दर थोड्या ओळींनी मध्येच एक ‘च’ यायचा.

आता हा कुठला टाका? चक्री? चौकडी? व्हिडिओ पालथे घातले. स्टेशनजवळच्या लोकरवाल्याला विचारलं, तर तो म्हणतो, “भाभी, ऐसा कुछ होता ही नहीं.” मग मीच डोकं लढवून एक गाठ शोधली आणि जिथे जिथे ‘च’ तिथे तिथे ती मारली. टोपडं असलं आवळलं, की बाळाचं राहू दे, संत्र्यालाही बसेना!

शनिवारी संध्याकाळी तणतणतच वर गेले. “काकू, हा ‘च’ घालायचा तरी कसा?”

“घालायचा काय? अगं, चहा तो! तेवढ्या ओळी झाल्या की मी हुक ठेवते आणि चहा टाकते. न उठता विणत बसलं की हात आखडतो, वीण घट्ट येते.”

मी टोपडं पुढे केलं. काकूंनी ते दोन्ही हातांनी ताणून बघितलं.

“दिसतंयच,” म्हणाल्या, “एकही चहा घेतलेला नाहीस तू.”