घोंगडीत शिवलेली चिंगी

विमानानं कुत्रं धाडायचं म्हणतोस, तर आधी आमच्या चिंगीचं ऐक. ताईनं तिला बंगळूरला बोलावलेलं. वर लई गारठा असतो म्हणून आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, निघताना पिंजऱ्याला घोंगडी गुंडाळून दाभणानं पोत्यासारखी शिवली. मला वाटलं, नुसती पांघरलीय. नसरापूरपासून आबांना शेजारी बसवून मी टेम्पो हाणत विमानतळावर.

तिथला माणूस म्हणाला, "आत हालचालच नाही. हवा कुठून जाणार?"

कात्री कुणाकडंच न्हाई. मी सुतळी दातानं तोडली. चिंगी आडवी, जीभ बाहेर. दोन बाटल्या पाणी मारलं, तवा कुठं तिनं डोळं उघडलं.

"कुणी शिवलं हे?" तो माणूस ओरडला.

आबा हळूच म्हणाले, "म्याच. लई लाडाची हाय, म्हनून दोन टाकं जास्तच घातलं."