गार्डाला साधा पोचा न्हाई

माझं माहेर आहुप्याचं, डोंगरातलं, तिथं माझ्या लहानपणी यष्टीबी येत नव्हती, आणि दिली डिंगोऱ्याला, म्हंजे मला गाडीतलं काय कळणार, पण काय सांगू भाऊ तुमाला, आता त्या डिकीच्या गाडीचं सगळं आतडं मला पाठ हाय. आमचा संदीप चाकणला एका जर्मन कंपनीत कामाला, गाडीचा सांगाडा जोडायच्या खात्यात, आणि घेतली तीबी तिथलीच गाडी. मला म्हनायचा, आई, दार लाव, आवाज ऐक कसा दबका येतो. मागं तुझे गुडघे अवघडू नयेत म्हणून जागा सोडलीय. जसं काय जर्मनीतल्या माणसानं माझे गुडघे बघितले व्हते.

आमच्याकडं नवी गाडी आली की नारळ फुटतो, लिंबू-मिरची लागती आणि मंचरला जाऊन पुढं लोखंडी गार्ड बसतो. गार्ड न्हाई ती गाडी नागडी. ह्यांनी, म्हंजे संदीपच्या वडलांनी, बॉनेटवर टिचकी मारली, म्हनले, पत्र्याचा डबाय राव ह्यो, आणि उभं राहून जाड पायपाचा गार्ड करून घेतला, खालच्या सांगाड्याला नटबोल्टनं आवळून. संदीपला समदं म्हायती व्हतं. त्यो म्हनला, आण्णा, नको. हे म्हनले, तुझ्या कंपनीला आपले रस्ते काय ठावं. बापाचं मन मोडवंना पोराला, राहू दिला गार्ड.

मग एक दिवस सकाळच्या पारी कामाला निघाला, मंचरच्या अलीकडं कांद्याचा टेम्पो मधीच थांबला आणि हा मागनं जाऊन धडकला. पट्टा लावलेला व्हता तरी पाठीचा मणका गेला. कमरंखालचं अजून काय हलत न्हाई. आणि गार्डाला साधा पोचा न्हाई.

दवाखान्यात मला एकटीला सांगितलं त्यानं. आई, टमाट्याच्या कॅरेटमधी आपण पेपर घालतो ना, दणका पेपर खातो, टमाटं वाचतं. गाडीचं तोंड तसंच केल्यालं असतं, चुरगाळायसाठीच. गार्डानं ते चुरगाळू दिलं न्हाई, दणका सरळ आत आला, एअरबॅगचा फुगाबी येळंवर उघडला न्हाई. आणि मग माझा हात धरून म्हनला, आण्णांना सांगू नको, मरतील ते. न्हाई सांगितलं. पण मला लई राग येतो वो. पावणं आलं की हे सांगत बसतात, गार्ड व्हता म्हणून पोरगं जित्तं राहिलं, आणि पोरगं खाटंवरनं हां हां म्हनतंय, आणि मी गॅसपुढं तोंड फिरवून रडती. त्या एका बोलण्यावर जगतोय पोराचा बाप, दुसरं हाय काय त्याच्यापाशी.

आता जावयानं तशीच गाडी घेतलीय, उद्या नारळ फोडायला हितं आणणार. माझी नात पुढं आईच्या मांडीवर बसती. आणि ते बघा अंगणात, सकाळधरनं हे गार्ड घासतायत, काळा रंग देतायत, म्हनतात, जावयाच्या गाडीला नवा कशाला करायचा, ह्याचा गुण आलाय आपल्याला. मी संदीपकडं बघितलं तर त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

सांगितलं तर हा माणूस मोडंल. न्हाई सांगितलं तर ती लेकरं. देवा, ह्यांना बळ दे, मला न्हाई दिलंस तरी चालंल. भाऊ, तुमी उठू नका, बसा तसंच, मला एकटीला न्हाई जमायचं.

अवो, ब्रश ठेवा खाली आणि इकडं या जरा.